नव्या आईला, जरा मोकळेपणाने

अगं, रोज पहाटे उठून बायबल वाचणं जमत नाही म्हणून स्वतःचा जीव खाऊ नकोस. बाळ रात्रभर जागवत असेल तर ती वेळ झोपेचीच. त्याऐवजी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, १३वं स्तोत्र काढ. जेमतेम ६ वचनं आहेत, त्यातल्या पहिल्या दोनांतच दावीद राजा देवाला ४ वेळा विचारतो, अजून किती वेळ? बाळ कडेवर असताना वाचून होतं, आणि देवापुढे कुरकुर चालते हेही कळतं!

सुझॅना वेस्लीला, म्हणजे मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईला, १९ लेकरं झाली, त्यातली जवळपास निम्मी तान्हेपणीच गेली. घरात एकांत मिळेना म्हणून ती ॲप्रन डोक्यावर ओढून प्रार्थना करायची, असं सांगतात. तू बाथरूमचं दार लाव.

चर्चच्या मंडळीत गोड बोलणं सोपं गं. कसोटी लागते दूध सांडल्यावर. मूल मोठं झालं की आधी फडकं त्याच्या हातात दे, ‘चल, दोघं पुसू’ म्हण, बोलायचं ते नंतर. आवाज चढलाच तर त्याची माफी माग, कशाबद्दल तेही सांग. क्षमा म्हणजे काय हे संडे स्कूलच्या आधी त्याला तिथेच कळतं.

आणि एक. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर प्रार्थना कर आणि डॉक्टरकडेही जा. विश्वास कमी पडला असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. जाताना नवऱ्याला सोबत ने.