एकोणिसावं शतक वाचायला घेताना

ताई, जळगावात राहून तुम्ही एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राकडे वळलात आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंत, फार बरं वाटलं. जाडजूड इतिहासग्रंथ आत्ता नकोत.

आधी ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) घ्या. छोटंसं पुस्तक आहे. सुरतेच्या एका विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं, त्याला हे उत्तर. बायको गेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग विधवेनंच का कोंडून घ्यायचं, असा रोकडा सवाल बाई करतात. त्या काळाची मूल्यं अशा भांडणातच स्पष्ट दिसतात.

मग शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवरचा जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’. तो वाचताना आपला खान्देश डोळ्यांसमोर ठेवा: १८५२ मध्ये सावदा, एरंडोल भागातले शेतकरी सरकारी जमीनमोजणीविरुद्ध उठले होते.

नवे वाचक हमखास चुकतात ते इथे:

- पुण्यालाच अख्खा महाराष्ट्र समजतात. सातपुड्यातल्या भिल्लांबद्दल बहुतेक साहेबांनीच लिहिलं. ते वाचताना लिहिणारा कोण, हे आधी बघा.
- ‘सुधारक विरुद्ध सनातनी’ अशी सरळ वाटणी करतात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला (मुलींसाठी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या) टिळकांचा विरोध होता आणि त्यात परक्या सरकारच्या ढवळाढवळीचा मुद्दा मोठा होता. रानडे कायद्याच्या बाजूनं होते. दोघांचं म्हणणं वाचल्याशिवाय बाजू घेऊ नका.

मोडी लिपी आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली जुनी दप्तरं नंतर. आधी ही दोन पुस्तकं संपवा, मग पुढचं बोलू.