बिलाच्या संगणकावरून उपचारांचा दर्जा कळेल का?

प्रश्न : धंतोलीत आमचे ६० खाटांचे रुग्णालय आहे. नोंदणी, बिल आणि औषधांचा साठा संगणकावर आहे. केसपेपर अजून हातानेच लिहिले जातात. आता सगळेच संगणकावर न्यायचे असून, नव्या प्रणालीतून उपचारांचा दर्जाही मोजता यावा, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. प्रणाली पुरवणारी मंडळी सांगतात की, सगळे अहवाल एका बटणावर मिळतील. आम्ही सुरुवात कोठून करावी?
— वैद्यकीय अधीक्षक, नागपूर

उत्तर : अहवाल बटणावर मिळतील हे खरे, पण ते जेवढी नोंद झाली तेवढ्याचेच असतील. म्हणून पडद्यावर कोणते रकाने हवेत याची चर्चा सुरू होण्याआधी, तुम्हाला नेमके काय मोजायचे आहे ते डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर बसून लिहून काढा. आरोग्यसेवेच्या दर्जाचे अमेरिकी अभ्यासक अव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये दर्जाचा विचार रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन अंगांनी मांडला. किती खाटा, किती परिचारिका, किती व्हेंटिलेटर ही झाली रचना. जे करायला हवे ते योग्य वेळी केले गेले का, ही प्रक्रिया. आणि त्यातून रुग्णाचे काय झाले, हे फलित. बिलाच्या संगणकाला रचनेची थोडीफार माहिती असते, प्रक्रियेची जवळजवळ नसते, आणि फलित म्हणजे त्याच्या दृष्टीने डिस्चार्जची तारीख.

एक उदाहरण जरा तपशिलात पाहू. शस्त्रक्रियेआधी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, तर त्याची किंमत बिलात लागते आणि साठ्यातून एक कुपी वजा होते. परंतु जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी महत्त्वाचे असते ते इंजेक्शन चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत दिले गेले का, हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीतही हाच प्रश्न आहे. एका रुग्णालयातील अशा नोंदी तपासताना मला आढळले की, सकाळच्या सगळ्या शस्त्रक्रियांची इंजेक्शने संगणकानुसार दुपारी तीन ते चारच्या दरम्यान दिली गेली होती. सिस्टर काम आटोपल्यावर एकत्र बसून नोंदी भरत, आणि प्रणाली टंकण्याची वेळ हीच इंजेक्शनची वेळ धरत असे. भूलतज्ज्ञांच्या कागदावर खरी वेळ लिहिलेली होती, पण ती कोणत्याच अहवालात येत नव्हती. तेव्हा घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ हे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि चिरा दिल्याची वेळही नोंदवा. तसेच ‘दिले नाही’, ‘गरज नव्हती’ आणि ‘नोंद केली नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ असे प्रणालीने परस्पर ठरवता कामा नये.

दुसरी अडचण छेदाची, म्हणजे ज्या एकूण संख्येतून प्रमाण काढायचे तिची असते. मधुमेहाच्या किती रुग्णांची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) तपासणी झाली, हे विचारले तर प्रयोगशाळा अंश लगेच देते. पण एकूण मधुमेही किती, हे सांगताना गाडे अडते, कारण कोणी ‘डायबेटिस’ लिहितो, कोणी ‘डीएम’, कोणी नुसते ‘शुगर’. निदान निवडताच त्याचा आयसीडी-१० (आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) संकेतांक मागे आपोआप नोंदवला जावा (दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी तो ई११ आहे); डॉक्टरांना संकेतांक पाठ करायला लावू नका.

मृत्यूंच्या आकड्याबाबत मात्र मी तुम्हाला कळकळीने सावध करतो. आपल्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत, म्हणजे नागपुरातील दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत, गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून अत्यवस्थ रुग्ण पाठवले जातात. ठरवून शस्त्रक्रिया करणाऱ्या खासगी रुग्णालयाशी त्यांच्या मृत्यूंची सरळ तुलना केली, तर जो अवघड रुग्ण स्वीकारतो तोच वाईट ठरतो, आणि मग असे रुग्ण टाळण्याकडे कल वाढतो. रुग्ण दाखल होतानाचे वय, रक्तदाब, नाडी, शुद्ध, सोबतचे आजार आणि तो कोठून पाठवला गेला, एवढे पहिल्याच तासात नोंदवले असेल तरच पुढे न्याय्य तुलना शक्य होते. ही माहिती नंतर मागाहून गोळा करता येत नाही.

आणि रुग्ण घरी गेला म्हणून नोंद संपवू नका. जखम चिघळते ती पुष्कळदा घरी. शस्त्रक्रियेच्या जखमेवर साधारणपणे ३० दिवस लक्ष ठेवायचे असते. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवून, पुढे त्याचे काय झाले याचा माग काढत असत. तुमच्याकडे तर रुग्णाचा मोबाईल क्रमांक असतो. तिसाव्या दिवशी फोन करावयाच्या रुग्णांची यादी प्रणालीने रोज सकाळी समोर ठेवावी.

प्रश्न : आमच्या वॉर्डात संगणक आल्यापासून आम्ही तेच रजिस्टरात आणि तेच संगणकात लिहितो. शिवाय रुग्ण खाटेवरून पडला, अशी नोंद केली की चौकशी आमचीच होते. दर्जा मोजायचा तर हा बोजा आमच्यावरच का?
— एक परिचारिका, नागपूर

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट तुम्ही एकदा भरलात की वॉर्डचा अहवाल त्यातूनच निघायला हवा. अहवालासाठी वेगळे पान भरावे लागत असेल, तर दोष आखणीचा आहे. संगणक सुरू होण्याच्या दिवशी कोणती रजिस्टरे बंद होतील, याची यादी इन्चार्ज सिस्टरांमार्फत लेखी मागा. रुग्ण पडण्याच्या घटना दर १००० रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) किती, असे वॉर्डनिहाय मोजतात, आणि त्यात कोण कामावर होते यापेक्षा खाटेचे कठडे वर होते का, दिवा होता का, रात्री किती रुग्णांमागे एक सिस्टर होती, हे रकाने अधिक उपयोगी पडतात. ज्या वॉर्डात नोंद करणाऱ्यालाच मेमो मिळतो, तेथे पुढच्या महिन्यात आकडा शून्यावर येतो आणि रुग्ण मात्र पडतच राहतात. हे तुमच्या अधीक्षकांना याच शब्दांत सांगावे.