मेकॅनिकल पहिलं टाक, आणि वेल्डिंगकडे लक्ष दे

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरायचेत, रोलर कोस्टर डिझायनर व्हायचंय, पण मेकॅनिकल, सिव्हिल की एरोस्पेस हे ठरत नाही. घरचे तर कॉम्प्युटरच घे म्हणतायत, असं तू लिहिलंयस. मी बारा वर्षं राइड्सची देखभाल आणि तपासणी केली आहे. माझं मत सरळ आहे: मेकॅनिकल पहिलं, सिव्हिल दुसरं.

डिझायनर म्हटलं की कागदावर वळणं आखणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आखणं हा कामाचा लहान भाग आहे आणि तेही गणितच आहे. लूपचंच बघ, म्हणजे गाडी उलटी होऊन जाते तो उभा फेरा. लूप पूर्ण गोल ठेवला आणि गाडीला माथ्यावर जेमतेम टिकेल एवढाच वेग दिला, तरी तळाशी सीट माणसाला त्याच्या वजनाच्या सहापट जोराने वर ढकलते. घर्षण सोडून दे आणि बारावीच्या सूत्रांनी हे आज रात्री वहीत काढ. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’चा लूप असाच गोल होता, आणि बसणाऱ्यांच्या माना दुखावत. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये 1976 साली ‘रेव्होल्यूशन’ आली. बांधणारा आन्तोन श्वार्त्सकोफ, आखणी आणि गणित वेर्नर स्टेंगलचं. तिचा लूप थेंबाच्या आकाराचा आहे: तळाशी त्रिज्या मोठी, माथ्यावर लहान, त्यामुळे भार हळूहळू चढतो. हा क्लोथॉइड वक्र सिव्हिलची मुलं सर्वेइंगमध्ये ट्रान्झिशन कर्व्ह म्हणून शिकतात; हायवेच्या वळणांवर तोच असतो. सिव्हिल दुसऱ्या नंबरवर आहे त्यामागे हेही एक कारण आहे. खांब, पाया, वाऱ्याचा भार हे सगळं त्यांचंच काम. स्ट्रक्चर मनापासून आवडत असेल तर तू ते पहिलंही टाकू शकतोस.

मला मेकॅनिकल का वाटतं, ते एका सकाळमुळे. पार्क उघडण्याआधीच्या फेरीत एका ब्रॅकेटच्या वेल्डच्या टोकाला केसाएवढी रेघ दिसली. डाय पेनिट्रंट (फटीत झिरपणारा लाल रंग) मारलं, थोडं थांबलो, पुसून त्यावर पांढरं डेव्हलपर मारलं, आणि त्यावर लाल रेघ उमटली. राइड त्या दिवशी बंद ठेवली. नंतर ड्रॉइंग काढून पाहिलं तर वेल्ड नेमका ताण सर्वांत जास्त असतो तिथेच संपवलेला होता. दोन-तीन सेंटिमीटर पुढे नेला असता तरी फरक पडला असता. गाडी दिवसभर फेऱ्या मारते, आणि प्रत्येक फेरीत त्या जोडावर ताण येतो आणि उतरतो. एका फेरीचा भार स्टील सहज झेलतं. लाखो फेऱ्यांनंतर तडा जातो तो फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने. त्या ब्रॅकेटवर रोज कुणाची तरी मुलं भरवसा ठेवून बसत होती. म्हणून स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, डायनॅमिक्स, फटीग आणि फायनाइट एलिमेंट (भागाचे छोटे तुकडे पाडून कॉम्प्युटरवर ताण काढणं) हे विषय परीक्षेपुरते करू नकोस. कॉलेजच्या बाहा टीममध्ये जा; तिथे मुलं स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावरची गाडी स्वतः बनवतात. रोल केजचे, म्हणजे चालकाभोवतीच्या सांगाड्याचे पाइप स्वतः कापून जोडलेस की हीट लागल्यावर पाइप कसा वाकतो ते कळेल, आणि ते पुस्तकातून कळत नाही.

एरोस्पेसमध्येही डायनॅमिक्स आणि फटीग उत्तम शिकवतात, पण जागा कमी, आणि मेकॅनिकलमधून पुढे तिकडेही जाता येतं. कॉम्प्युटरबद्दल घरच्यांना एवढं सांग की राइडमध्ये प्रोग्रॅमिंग आहे, पण ते पीएलसीवरचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवरचं. ट्रॅकचे ब्लॉक पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा रिकामा झाल्याची खात्री झाल्याशिवाय मागची सुटत नाही. हे ज्याला आवडतं त्याने इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घ्यावं.

आता नोकरीचं. खोपोलीच्या इमॅजिकामधली ‘नायट्रो’ स्वित्झर्लंडच्या माँथे गावातल्या बोलिगर अँड माबियार्डची. राइड बनवणाऱ्या इतर कंपन्याही बाहेरच्याच: माक जर्मनीच्या वाल्डकिर्खची, इंटामिन लिश्टेनश्टाइनची, वेकोमा नेदरलँड्सची. आपल्याकडची पार्कं मोठे कोस्टर बहुतेक बाहेरूनच घेतात, त्यामुळे इथे सुरुवात उभारणी आणि देखभालीतून होते. ती कमी प्रतीची मानू नकोस. तुटतं कुठे हे तिथेच दिसतं. शिवाय फक्त गणित करून देणारी ऑफिसंही आहेत: स्टेंगलचं म्युनिकचं ऑफिस अनेक कंपन्यांच्या राइड्सची गणितं करत आलं आहे. म्हणून पहिल्या वर्षापासून जर्मन शीक. पुण्यात असशील तर मॅक्समुल्लर भवन आहेच. या क्षेत्रात जागा थोड्या आहेत हे घरी लपवू नकोस. मेकॅनिकल झाल्यावर चाकणचे कारखानेही उघडे राहतात, हेही सांग.

नोलिमिट्स या कोस्टर सिम्युलेटरवर बनवलेल्या राइड्स जरूर जमव, पण प्रत्येकीसोबत एका खांबावर येणाऱ्या भाराचं हिशेबाचं पान जोड. मुलाखतीला मी असतो तर आधी ते पान मागितलं असतं.

लूपचं गणित सुटलं की घर्षण धरून पुन्हा कर. सहापटीचा आकडा वाढतो की कमी होतो, आणि का, ते मला लिहून पाठव. मी तपासून देतो.