टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन शरीरात किती दिवस टिकतं?

प्रश्न : वय ४६. डॉक्टरांनी दर १५ दिवसांनी टेस्टोस्टेरॉन एनान्थेट २५० मिग्रॅ सुरू केलंय. पहिले चार-पाच दिवस झकास जातात, दुसऱ्या आठवड्यात चिडचिड आणि थकवा. औषध बोगस तर नाही? (नाशिक)

औषध बोगस असेल असं वाटत नाही, ते असंच वागतं. नुसतं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, रक्तात सोडलं, तर यकृत काही तासांत त्याचा निकाल लावतं. म्हणून त्याला मेदाम्लाची शेपटी जोडतात, म्हणजेच त्याचं एस्टर करतात, आणि ते तेलात विरघळवतात. हे तेल कुल्ल्याच्या स्नायूत साठून राहतं. त्यातून औषध हळूहळू रक्तात उतरतं, तिथली एन्झाइम्स शेपटी तोडतात आणि टेस्टोस्टेरॉन मोकळं होतं. शेपटी जितकी लांब, तितकं औषध तेल सोडायला कुरकुरतं. प्रोपिओनेट दोन-तीन दिवसांत ओसरतं, एनान्थेट आणि सायपिओनेट आठवडा-दोन आठवडे पुरतं, अनडेकॅनोएट तर अडीच-तीन महिने.

एनान्थेटची पातळी पहिल्या दोन-तीन दिवसांत चढते, बऱ्याचदा नैसर्गिक मर्यादेच्याही वर, आणि मग उतरत जाते. तुम्हाला जाणवतो तो हाच चढउतार. निम्मा डोस दर आठवड्याला घेतला तर तो बराच सपाट होतो. पण बदल डॉक्टरांना विचारूनच करा. रक्त तपासायचं ते दोन इंजेक्शनांच्या मधोमध, म्हणजे सातव्या दिवसाच्या आसपास. दुसऱ्या दिवशी दिलंत तर रिपोर्ट ‘जास्त’ येईल, चौदाव्या दिवशी ‘कमी’, आणि दोन्ही खरे असतील! सोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, तेही बघा. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर उपचार थांबवावा लागतो.

प्रश्न : वय २३. जिमचे सर म्हणतात, सस्टॅनॉन आठवड्यात लघवीवाटे निघून जातं, भरपूर पाणी पी, डोप टेस्टमध्ये सापडणार नाहीस. खरं आहे का? (कोल्हापूर)

नाही. सस्टॅनॉन हेही टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन. सस्टॅनॉन २५० मध्ये त्याचे चार एस्टर असतात : ३०, ६०, ६० आणि १०० मिग्रॅ. त्यातलं १०० मिग्रॅचं डेकॅनोएट सगळ्यात रेंगाळणारं, ते आठवड्यात कुठलं जायला! यकृत टेस्टोस्टेरॉनचे तुकडे करून त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं आणि सुमारे ९० टक्के लघवीवाटे जातं, हे खरं. पण वेळ मूत्रपिंडात लागत नाही, स्नायूतल्या तेलात लागतो. तुम्ही हंडाभर पाणी प्यायलात तरी त्या तेलाला काय फरक पडणार?

डोप टेस्टमध्ये आधी टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन (शरीरातच बनणारं त्याचं जुळं भावंड) यांचं प्रमाण बघतात. ते चारच्या वर गेलं की संशय. मग कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कमी-जास्त वजनाचे अणू, तपासतात. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, त्यामुळे त्यातला कार्बन शरीरातल्या हार्मोनपेक्षा वेगळा निघतो. शिवाय सस्टॅनॉनमधलं तेल शेंगदाण्याचं आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते धोक्याचं. हे सरांनी सांगितलं होतं का?

प्रश्न : मिस्टर वर्षभर ही इंजेक्शनं घेताहेत. आता बाळ हवंय. महिनाभर बंद ठेवली तर पुरेल ना? (पुणे)

महिन्यात एनान्थेट बहुतेक निघून जाईल, पण त्याचा परिणाम निघून जाणार नाही. बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स पाठवणं थांबवते आणि वृषणांत शुक्राणू बनणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं. ते पुन्हा सुरू व्हायला बरेच महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. नवा शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने जातात. मिस्टरांना घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञाकडे) जा आणि आत्ताच वीर्यतपासणी करून घ्या. एचसीजीसारखे (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) उपाय आहेत, मात्र ते घरी बसून करायचे नाहीत.

प्रश्न : तीन महिन्यांचं इंजेक्शन घेताना एकदम खोकल्याची उबळ आली. का? (ठाणे)

ते अनडेकॅनोएट असणार : १००० मिग्रॅ, तब्बल ४ मिली एरंडेल तेलात. त्यातले बारीक थेंब शिरेत शिरून फुप्फुसात पोचले की खोकला, धाप, घाम, भोवळ येऊ शकते. सहसा थोड्या वेळात शमतं, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. पुढच्या वेळी दोन मिनिटं लावून सावकाश टोचायला सांगा आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा.