तोंड फिरवू नकोस

प्रिय लेकरा, सलाम.

उपासनेनंतर तू विचारलंस, "छडी उचलू की जवळ घेऊ?" पोरानं अर्पणाचे पैसे खाऊवर उडवले, वर खोटं बोलला. त्यावर तू आठवडाभर त्याच्याशी बोलला नाहीस, हे मात्र जाता जाता सांगितलंस. मला तेच लागलं.

बायबलातलं नीतिसूत्रे १३:२४ तू धडाधड म्हणून दाखवलंस, छडी आवरणारा बाप मुलाचा द्वेष करतो ते. पौलाच्या पत्रातलं कलस्सैकरांस ३:२१ का नाही आठवलं? मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील. पौलानं तिथं हाक बापांनाच मारलीय.

दावीद राजाचं घर बघ. अदोनीया या लेकाला त्यानं जन्मात कधी "तू असं का केलंस?" म्हणून टोकलं नाही. दुसरा लेक अबशालोम, त्याला यरुशलेमेत परत आणवलं, आणि दोन वर्षं तोंड दाखवू दिलं नाही. एकाला जाब नाही, दुसऱ्याला भेट नाही. दोघंही बापाच्या गादीवर टपले. वेशीवरच्या माडीत "माझ्या मुला" म्हणत दावीद रडला, तेव्हा अबशालोम मेला होता.

मरियेनं काय केलं? बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हा तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाळा, तू आमच्याशी असा का वागलास?" आणि त्याला घेऊन नासरेथला गेली. जाब विचार, पण तोंड फिरवू नकोस.

मंडळीत मला मऊ म्हणायचे. म्हणोत. माझ्या घरी खोट्याला सूट नव्हती, नुकसान भरून द्यावंच लागायचं. पण शिक्षा झालेलं लेकरू रात्रीच्या प्रार्थनेला माझ्या मांडीला लागूनच बसायचं. माझे वडील अबोला धरायचे, कारण कधी सांगायचे नाहीत. ते विचारायचं राहूनच गेलं, आता ते नाहीत. म्हणून माझा एवढा हट्ट.

शाळेतली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद केली. घरातल्या अबोल्याला कुठला कायदा पुरणार? त्यात तुझी जालन्याच्या एमआयडीसीतली रात्रपाळी. तू येतोस तेव्हा पोरगं शाळेला निघालेलं. न बोलणं सोपंच जातं रे! तोंड फिरवू नकोस, किती वेळा सांगू?

आज पाळीवर जायच्या आधी त्याला समोर बसव, विचार, आणि त्याचं पूर्ण ऐकून घे. मधे बोलू नकोस. उडवलेले पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून वळते कर, आजी मधे पडली तरी. रविवारी त्याच्याच हातानं ते अर्पणाच्या थैलीत पडू दे. आणि आजचं जेवण त्याच्यासोबत एका ताटात जेव.

तुझा,
काका