शिट्टी थोडी थांबते तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांखालील बास्केटबॉल संघात खेळते. परवाच्या सामन्यात रिबाउंड (रिंगला लागून परतलेला चेंडू) घेताना तिला मागून धक्का बसला, पंचांनी काहीच दिलं नाही. लगेच पुढे तिच्या ‘ट्रॅव्हल’ला (चेंडू हातात धरून पाय नियमाबाहेर सरकवण्याला) मात्र शिट्टी! हा कुठला न्याय?
– एक पालक, सांगली

उत्तर : सामना मी पाहिलेला नाही, म्हणून त्या पंचांची वकिली करत नाही. पण धक्क्यानंतर चेंडू कुणाला मिळाला, हे तुम्ही लिहिलंच नाही. माझ्या लेखी अर्धा निकाल तिथेच आहे. मागची मुलगी अंगावर चढली आणि चेंडू घेऊन गेली, तर सरळ फाउल. नुसता खांदा घासला आणि चेंडू तुमच्या मुलीच्याच हातात राहिला, तर मीही शिट्टी वाजवणार नाही. पंचांना दिसत नाही असं नव्हे. किरकोळ स्पर्शाने कुणाचा फायदा-तोटा झाला नसेल, तर खेळ उगाच थांबवू नका, असं फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमपुस्तकातच लिहिलंय.

म्हणून अनुभवी पंचाची शिट्टी जराशी उशिरा येते. मुलगी रिंगकडे निघाली, कमरेला हात लागला, तरी ती पुढे गेली आणि बास्केट झाली? सोडून द्यायचं. पाऊल अडखळलं, चेंडू सुटला? मग शिट्टी. “आता वाजवता होय!” असं गॅलरीतून ओरडतात. ओरडू देत. प्रत्येक स्पर्श फाउल धरला, तर काय होतं बघा : क्वार्टर दहा मिनिटांचा, त्यात संघाचे चार फाउल झाले की पुढच्या बचावातल्या फाउलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर टाकायचे चेंडू. मग मुली नुसत्या उभ्या राहून फ्री थ्रोच बघणार.

ट्रॅव्हलचं आणि रेषेचं वेगळं आहे. पाय सरकला की सरकला, रेषेबाहेर गेला की गेला. तिथे फायदा-तोटा मोजत बसत नाहीत. तीन सेकंदांच्या नियमात (आपल्या संघाकडे चेंडू असताना समोरच्या रिंगखालच्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही) मात्र, बाहेर पडायची धडपड करणाऱ्या खेळाडूला सवलत पुस्तकातच आहे.

एका बाबतीत मी अजिबात थांबत नाही : उडी मारलेल्या मुलीच्या पायाखाली कुणी शिरलं तर. बास्केट होवो न होवो. गुडघे त्या वयात एकदा गेले की गेले. तुमच्या मुलीला बसलेला धक्का तसा, तोल घालवणारा असेल, तर शिट्टी हवीच होती.

तुमची तक्रार आणखी एका कारणाने रास्त ठरेल. पहिल्या क्वार्टरला पंचांनी सोडून दिलेला हाताचा स्पर्श शेवटच्या क्वार्टरला फाउल ठरला, किंवा एकाच संघाला सूट मिळाली, तर. खेळाडू कडक पंचाशी जुळवून घेतात, सैल पंचाशीही घेतात. दर पाच मिनिटांनी बदलणाऱ्याशी कसं घेणार?

पुढच्या वेळी शंका आली, तर चेंडू डेड (म्हणजे खेळात नसलेला) आणि घड्याळ थांबलेलं असताना कर्णधाराने पंचांना नीट विचारावं. नियमात तशी मुभा आहे. पालकांना नाही.