'चित्र बघून ठोकून देतो'

दिवाळीच्या सुट्टीला चारच दिवस उरले होते. दुसरीतल्या मुलाला घेऊन त्याची आई आली आणि बसता बसताच म्हणाली, "मॅडम, हा वाचतच नाही हो. चित्र बघतो आणि ठोकून देतो. सुट्टीत रोज दोन पानं वाचून घेऊ का?"

पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आया हे नेहमी विचारतात, म्हणून ओळख पटणार नाही असे बदल करून ही हकीगत लिहितेय.

माझ्याकडच्या दिवाळीच्या चित्रपुस्तकातलं एक पान मी उघडलं. कढईपाशी आजी, खाली ओळ: 'आजी चकल्या तळते.' त्याने वाचलं, "आजी चकल्या करते." आई लगेच, "बघा!"

मी मात्र बघत होते त्याच्या डोळ्यांकडे. प्रत्येक शब्दानंतर ते पुस्तकावरून उठून आईच्या चेहऱ्यावर जात होते. आणि 'चकल्या'तलं जोडाक्षर त्याने बरोबर वाचलं होतं, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"'करते' कशाने सुरू होतं रे? इथे आहे का ते?" मी विचारलं. त्याने बोट ठेवलं. "त... ळ... तळते! कढई आहे ना!"

चित्रावरून अंदाज बांधणं ही लबाडी नाही. गोष्ट समजते म्हणूनच अंदाज येतो. तो अक्षरांशी ताडून बघायची सवय तेवढी लावायची. त्यासाठी चित्र झाकायची गरज नाही, आणि आईने 'चूक!' म्हणायची तर मुळीच नाही.

दोन पानांचा नेम मी मोडायला सांगितला. त्याऐवजी आधी अख्खं पुस्तक नुसतं चित्रं बघत गप्पा मारत उलटायचं, मग आईने वाचायचं आणि मुद्दाम एखादा शब्द चुकवायचा. तो पकडतो का बघायचं. बाकी वाचन फराळात आणि किल्ल्यात. डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्याने लिहायच्या, किल्ल्यावरच्या पाट्याही त्यानेच. घरात पुस्तकं फार नव्हती. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या. पहिल्या पातळीपासून सुरू करा म्हटलं, तो दुसरीत असला तरी.

एक गोष्ट आईला आवर्जून दाखवली. पणती, कंदील, वसुबारस तो सहज वाचत होता. अडत होता धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजनला. 'चतुर्दशी'तला रफार 'द'च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारायचा त्याच्या आधी. सात वर्षांचं पोर तिथे अडखळणारच. असे शब्द टाळ्या वाजवत तोडायचे.

डोळे मात्र तपासून घ्यायला सांगितलं. फळ्यावरचं दिसतंय की नाही हे मूल आपणहून सांगत नाही. आणि रोज असं खेळूनही काही महिन्यांनी साधी अक्षरंच टिकत नसतील, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातच अडचण आहे का याची, चाचणी करू, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हेही स्पष्ट बोलले.

सुट्टीनंतर दोघं आली. आईच्या फोनमध्ये डब्याचा फोटो होता: 'शंकरपाळि'. "वेलांटी सुधारली नाही हं मी," ती म्हणाली. हे तिला किती जड गेलं असेल, मला कळत होतं. पुढच्या फोटोत किल्ला, आणि दरवाजापाशी पुठ्ठ्याची पाटी. ती त्याने फोन हातात घेऊन मला स्वतः वाचून दाखवली, एकदाही आईकडे न बघता: "हळू बोला. मावळे झोपले आहेत."